मुरमाड माळावर कळलावी: दोनदा कुजली, तिसऱ्यांदा लावू का?

माळावरची | १४ मार्च

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण आधीची रड सांगितल्याशिवाय तो कळायचा नाही.

सासवडहून जेजुरीकडे जाताना उजव्या हाताला जे उघडेबोडके माळ दिसतात, त्यातल्याच एकावर आमचं घर आहे. जागा पाच गुंठे. वीतभर माती, तिच्याखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा कातळ. पहार मारली की ठिणगी उडते. बोअर फेब्रुवारीत मान टाकते आणि मग पाऊस येईपर्यंत टँकर. राहायला आलो तेव्हा हौसेनं गुलाब, जास्वंद, लॉन, सगळं करून पाहिलं. सहा वर्षांत सगळं गेलं. उरलं ते आपल्या मनानं उगवलेलं तरवड, कुंपणाची कोरांटी आणि दगडांच्या फटीतलं कुसळी गवत. तेव्हा ठरवलं, जे या मातीचं आहे तेच लावायचं.

माझं माहेर भोरच्या बाजूचं. तिथं आमच्या बांधावर करवंदीच्या जाळीतून श्रावणात कळलावी वर येते. लहानपणी शाळेच्या वाटेवर तिच्या लाल-पिवळ्या ज्वाळा दिसल्या की समजायचं, गौरी आल्याच. दादानं तीन वर्षांपूर्वी तिथले चार कंद काढून दिले.

पहिल्या वर्षी दोन कंद मोठ्या कुंडीत लावले. वेल कमरेच्या वर गेला, सात फुलं आली. मी गावभर फोटो पाठवले. कार्तिकात पानं पिवळी पडायला लागली. मला वाटलं काहीतरी रोग पडला. रोज पाणी, आठवड्याला शेणखताचं पाणी, सगळी सेवा केली. मार्गशीर्षात खोड हलकेच ओढून पाहिलं तर हातातच आलं आणि खालून असा वास आला की काय सांगू.

दुसऱ्या वर्षी म्हटलं कुंडीची भानगड नको, जमिनीत लावू. दोन माणसं लावून अर्धा दिवस पहारीनं दोन बाय दोन बाय दोन फुटांचा खड्डा केला. मुरूम सगळा बाहेर फेकला. विकतची काळी माती आणि भरपूर शेणखत भरलं. एक कंद लावला, छान कोंब आला. जुलैत चार दिवस झड लागली आणि पाचव्या दिवशी त्या खड्ड्यात बेडूक बसलेला मी या डोळ्यांनी पाहिला. पुढचं सांगत नाही.

आता शेवटचा एक कंद उरलाय (तो वाळूत ठेवलाय) आणि दादानं पाठवलेल्या वीसेक लाल बिया आहेत. ह्यांच्या आत्या म्हणतात, "कळलावी दारात लावू नये, घरात कळ लागते." हे म्हणतात, "दोनदा लावली, दोनदा मेली. आपल्या घरात टिकली नाही म्हणजे आपलं घर भलतंच सलोख्याचं आहे." हसू नका.

तर प्रश्न असा: हा शेवटचा कंद कुठे आणि कसा लावू? आणखी काळी माती आणू का? पाणी किती? आणि एक काळजी आहे. शेजारचा चार वर्षांचा नातू दिवसभर आमच्याच अंगणात असतो. कळलावी विषारी म्हणतात, ती किती?

---

कुंडीवाला | १४ मार्च

ताई, कुंडीपुरतं सांगतो. मी ठाण्यात चौथ्या मजल्यावर पाच वर्षं हिला कुंडीत ठेवून आहे. पिवळी पडली म्हणजे आजारी नाही पडली, झोपायला निघाली. मी पहिलं पिवळं पान दिसलं की पाणी बंद करतो. खोड पूर्ण वाळून गळालं की कुंडी पत्र्याखाली आडवी पाडून ठेवतो. आडवी का, तर उभी ठेवली की घरातलं कोणी ना कोणी चहाचा उरलेला चोथा, तांदूळ धुतलेलं पाणी तिच्यात ओततंच. "रिकामीच तर दिसत होती" हे वाक्य मी तीनदा ऐकलंय.

मे संपता संपता कुंडी उभी करायची, वरची दोन बोटं माती बदलायची, बस्स. बाकी जमिनीतलं मला काही कळत नाही.

---

बांधावरचा म्हातारा | १५ मार्च

ताई, तुमची कळलावी दोन्ही वेळा बुडून मेली. एकदा हिवाळ्यात तांब्यानं बुडवली, एकदा पावसाळ्यात खड्ड्यात बुडवली. तहानेनं मेलेली कळलावी मी अजून पाहिलेली नाही. माझं गाव खटाव तालुक्यात, पाऊस तुमच्यासारखाच, कधी पडेल तो पडेल. एकतीस वर्षं रोपवाटिकेत माळीकाम केलं, आता स्वतःच्या बांधावर उद्योग करत असतो. वेळ भरपूर आहे म्हणून सविस्तर लिहितो, वाचायला चहा घेऊन बसा.

आधी ती जमिनीखाली काय करते ते समजून घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप सुचेल. तुम्ही लावलेला कंद त्या वर्षी स्वतःला खाऊन वेल वाढवतो. दिवाळीच्या सुमाराला उकरून पाहिलंत तर जुन्या कंदाचं नुसतं सालपट सापडेल आणि शेजारी नवा, पांढरा, इंग्रजी व्ही अक्षरासारखा दोन पायांचा कंद दिसेल. म्हणजे दरवर्षी कंद नवा. पानं पिवळी पडतात तेव्हा वेल आपलं उरलंसुरलं त्या नव्या कंदात उतरवत असतो. त्या वेळी खालची माती कोरडी होत गेली पाहिजे. तुम्ही ती ओली ठेवलीत, वर शेणाचं पाणी घातलंत. कोवळा कंद, ओल आणि शेण एका जागी आले की बुरशी न बोलावता येते. आणि पिवळं दिसतं म्हणून खोड कापूही नका. पूर्ण वाळून आपलं आपण सुटू द्या.

मी काही जन्मतः शहाणा नव्हतो. रोपवाटिकेत एके वर्षी चाळीस कंद काढून ठेवायची पाळी आली. वाळतील म्हणून मी ते भिजवलेल्या गोणपाटात गुंडाळले, वर मधूनमधून पाणी शिंपडत राहिलो. वैशाखात गोणपाट उघडलं तर चाळीसातले चार धड होते. साहेबांना सांगितलं घुशीनं खाल्ले. आता साहेबही नाहीत आणि घूसही नाही, म्हणून कबूल करतो.

आता तुमचा खड्डा. आंब्याला, चिंचेला आपण मोठा खड्डा घेतो कारण मुळांना खाली जायचं असतं. हिचा कंद चार बोटं खाली आडवा पडून राहतो. तिला दोन फूट खड्डा कशाला? कातळात खड्डा घेऊन त्यात काळी माती भरली की तो खड्डा राहत नाही, हौद होतो. सगळ्या माळाचं पाणी घरंगळत त्या मऊ जागी येतं आणि खालून-बाजूनं कातळ असल्यानं तिथंच थांबतं. वरची काळी माती फुगून ते धरून ठेवते. खातरी करायची असेल तर त्याच खड्ड्याजवळ वीतभर खड्डा घ्या, बादलीभर पाणी ओता आणि घड्याळ लावा. तासा-दोन तासांत जिरलं तर ठीक. संध्याकाळी ओतलेलं सकाळी दिसलं तर तिथं कळलावी नको, बदक पाळा.

म्हणून खाली जायचंच नाही, वर यायचं. रानात कळलावी कुठं दिसते ते आठवा. तुमच्या माहेरी बांधावर, जाळीत. आमच्याकडं तालीच्या दगडांत, बोराटीच्या कुंपणात. सपाट वावरात मधोमध मी तरी कधी पाहिली नाही. बांधात दगड असतात, पाणी सरकून जातं. जाळीमुळं बुडाला सावली राहते, डोकं उन्हात जातं आणि चढायला काड्या मिळतात. हे जे जाळीनं दिलंय ते तुम्ही द्या, ती येईल.

तुमच्याकडं तरवड आहे म्हणालात, यापेक्षा भाग्य काय! त्या तरवडाच्या बुंध्यापासून दीड हातावर, उताराच्या वरच्या बाजूला नाही, खालच्या किंवा आडव्या बाजूला, वीत-दीड वीत उंचीचा ढीग करा. खाली बसके दगड, पण एकमेकांना चिकटून नाही, फटी ठेवून. वर तुम्ही बाहेर फेकलेला तो मुरूम. फेकून दिला नसेल अशी आशा आहे, कारण तोच तुमचा खरा माल. जाड चाळणीनं चाळा, पीठ उडून जाऊ द्या, रवाळ भाग घ्या. तीन घमेली मुरूम, एक घमेलं तुमची तीच वीतभर असलेली माती, एक घमेलं कुजलेला पालापाचोळा. ताजं शेण अजिबात नाही. नवी काळी माती आणायची तर नाहीच. कडेनं चार दगड लावा, म्हणजे वळवाच्या सरीत ढीग वाहून जाणार नाही.

कंद हातात घ्याल तेव्हा जपून. दोन्ही पायांच्या टोकांना डोळा असतो, तिथूनच कोंब येतो. टोक मोडलं की तो पाय कितीही गुबगुबीत असला तरी उगवत नाही. आणि हा कंद काकडीसारखा कटकन मोडतो. आडवा ठेवा, चार बोटं माती घाला, वर एक खुणेचा दगड ठेवा. खुणेचा दगड विसरू नका. उन्हाळ्यात तिथं काहीही दिसत नाही आणि कोणीतरी नेमकं तिथंच तुळशीचं रोप लावायला टिकाव घालतं.

वेळ रोहिणीची, म्हणजे २५ मेच्या पुढं. लावून पाणी घालू नका. वळीव आला तर त्याच्यावर, नाहीतर मृगावर ती उठेल. कधी कधी आर्द्रा निघेपर्यंत थांबते, उकरून बघू नका. कोंब वर आल्यावर मात्र आपल्या भागात पाऊस दडी मारतो, तेव्हा लक्ष द्या. दहा-बारा दिवस कोरडे गेले तर संध्याकाळी एक तांब्या. कोंबाच्या काळात आणि कळ्या धरताना एवढं पुरे. दसरा झाला की तांब्या घरात.

एक राहिलं. आधार बारीक पाहिजे. हिला वेगळे ताणे नसतात, पानाचं टोकच सुतासारखं वळतं आणि काडीला विळखा घालतं. जाड बांबू दिलात तर त्याला मिठी मारता येत नाही, वेल घसरून खाली लोळतो. तरवडाच्या बोटाएवढ्या फांद्या झकास. पहिल्या वितीला हातानं फांदीकडं वळवा, पुढचं तिला कळतं.

बियांचं पुढच्या वेळी सांगतो, डोळे दुखायला लागले.

---

माळावरची | १७ मार्च

काका, तुमचं लिहिणं मी ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. "बदक पाळा"वर ते अजून हसतायत.

पाण्याची परीक्षा केली. काल संध्याकाळी सहाला बादली ओतली. आज सकाळी सातला निम्मं पाणी होतं तसंच. म्हणजे हौदच. आणि तो मुरूम! तो आम्ही गेटासमोरच्या खाचेत टाकून वर रोलरसारखी गाडी फिरवली होती. ह्यांनी आज टिकावानं थोडा परत काढलाय. चेहरा पाहण्यासारखा होता.

तरवड तीन आहेत. एक स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, दोन मागच्या कुंपणाला. मला अर्थात खिडकीसमोरचा हवाय. पण तो नातू तिथंच खेळतो.

---

रात्रपाळी | १७ मार्च

मग मागचाच निवडा, ताई. मी तालुक्याच्या ठिकाणी परिचारिका आहे. बागेतलं मला फार समजत नाही, पण या वेलीचा दुसरा चेहरा मी पाहिलाय.

हिच्यात कोल्चिसिन असतं, सगळ्या भागांत. कंदात आणि बियांत जास्त. गाऊटवर, म्हणजे सांधे सुजण्याच्या आजारावर, डॉक्टर जे मोजूनमापून देतात तेच औषध. मोजमाप चुकलं की तेच विष. फसवणूक अशी की खाल्ल्याबरोबर काही होत नाही. काही तास माणूस ठीक असतो, मग उलट्या, जुलाब, पोटात आग. घरच्यांना वाटतं काहीतरी शिळं खाल्लं असेल. तिथंच वेळ जातो. पुढं मूत्रपिंड, रक्त, हृदय अशा क्रमानं बिघडत जातं. आमच्याकडे एक काकू आल्या होत्या, बांधावरचं कंदमूळ समजून उकडून खाल्लेलं. उकडल्यानं विष जात नाही. त्या वाचल्या, पण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात डोक्यावरचे केस पुंजक्यानं गळाले. नंतर परत आले. त्यांना सगळ्यात जास्त त्याचंच दुःख होतं, हे मला आठवतंय.

म्हणून कंद हाताळताना हातमोजे घाला, नंतर साबणानं हात धुवा. वाळूत ठेवलेला कंद कांदे-बटाट्याच्या टोपलीजवळ नको, चुकूनसुद्धा. डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. आणि मुलांच्या दृष्टीनं फुलापेक्षा शेंग धोक्याची. ती उकलते तेव्हा आत गोल, लालचुटुक, गोळीसारखे दाणे ओळीनं दिसतात. चार वर्षांचं पोर ते तोंडात घालणारच. शेंग हिरवी असतानाच काढून टाका. कोणी काही खाल्लंय अशी नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट बघू नका, मीठपाणी पाजून ओकाऱ्या काढत बसू नका. सरळ दवाखान्यात जा, सोबत त्या वेलीचा तुकडा न्या.

घाबरवायचं नाहीये. आमच्या क्वार्टरबाहेर कण्हेर आहे, तीही विषारीच. माहीत असलं की माणूस सांभाळून राहतो.

---

शब्दांचा भुंगा | १८ मार्च

आत्याबाईंच्या बाजूनं दोन शब्द. त्या चूक नाहीत, फक्त त्यांची कळ वेगळी आहे. नावाचं मूळ बहुधा प्रसूतीच्या कळांशी आहे. अडलेल्या बाळंतिणीला हिच्या कंदाचा लेप लावायची जुनी रीत होती, आणि संस्कृतात हिचं एक नाव 'गर्भपातिनी' असंच आहे. (कोणी करून पाहू नका, रात्रपाळीताईंचं वर वाचा. आयुर्वेदातही हिची गणना उपविषांत केली आहे.) पुढं 'कळ लावणे' म्हटलं की लोकांना भांडणच आठवायला लागलं आणि बिचारी नारदाच्या पंक्तीत जाऊन बसली.

दुसरं नाव लांगली. लांगल म्हणजे नांगर. काकांनी सांगितलेला तो दोन पायांचा कंद पाहून कोणीतरी शेतकऱ्यानंच ठेवलेलं नाव असणार. अग्निशिखा हे मात्र फूल पाहून ठेवलेलं.

आत्याबाईंना सांगा, तमिळनाडूचं हे राज्यफूल आहे. तिकडे शेतकरी बियांसाठी याची शेती करतात, औषध कंपन्यांना विकतात. झिंबाब्वेचं तर राष्ट्रीय फूल. १९४७ मध्ये एलिझाबेथ राणी व्हायच्या आधी, एकविसाव्या वाढदिवसाला, तिला तिकडून या फुलाच्या आकाराचा हिऱ्यांचा ब्रोच भेट मिळाला होता. राजघराण्यात कळ लागली ती त्यामुळेच असं आत्याबाई म्हणाल्या तर माझा नाइलाज आहे.

---

बांधावरचा म्हातारा | १९ मार्च

भुंगेराव, छान लिहिलंत. आमच्या मातोश्रीही हेच म्हणायच्या. मी परसात लावली तेव्हा तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. म्हणजे कळ लागलीच की!

परिचारिकाबाईंचं ऐका, मागचा तरवड घ्या. शेंगा काढा हेही बरोबर. पण ताई, एक-दोन शेंगा बियांसाठी ठेवायच्या असतील तर वर मलमलची पिशवी बांधा. तमिळनाडूतले लोक सकाळी सकाळी हातानं परागीकरण करतात. कारण फूल नीट पाहा, मधली दांडी बुडातच काटकोनात मोडून बाजूला गेलेली असते, परागांपासून लांब. फुलपाखरू नाही आलं तर शेंग धरत नाही. तुमच्या सात फुलांना किती शेंगा आल्या होत्या?

आता बिया. वीस आहेत तर वीसही उथळ कुंडीत त्याच मुरमाच्या मिश्रणात बोटाच्या एका पेरावर पेरा, मृगाच्या आधी. काही यंदा उगवतील, काही पुढच्या पावसाळ्यात, काही उगवणारच नाहीत. टणक असतात, घाई करत नाहीत. पहिल्या वर्षी नुसती दोन-तीन पानं येतील आणि पावसाळ्यानंतर तीही जातील. मेली म्हणून कुंडी ओतू नका. खाली शेंगदाण्याएवढा कंद असतो. फूल तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात. माझं वय बहात्तर आहे, मी अजूनही बीच पेरतो, तुम्हाला काय घाई?

कमी पडले म्हणून रानातून कंद उपटायला जाऊ नका. औषधासाठी आधीच पोत्यांनी खणले जातात. तुमच्या जवळ सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे, तिथून तर काडीही आणायची नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे तो. दादाच्या बांधावरच्या बिया मागा, त्यांना तोटा नाही.

आणि खिडकीसमोर काहीतरी हवंच असेल तर कोरांटी आहे की तुमच्याकडं. पिवळी, काटेरी, पण लेकरानं फूल तोडून मध चोखला तरी चालतो, आम्ही सगळ्यांनी चोखलाय. पावसाळ्यात फांदीचं वीतभर कलम खोचा, लागतं. पुण्याच्या टेकड्यांवर आता सगळीकडं नारिंगी कॉसमॉस पसरलाय, लोक कौतुकानं फोटो काढतात. तो मेक्सिकोचा पाहुणा, एकदा बसला की गवताला उठवून लावतो. बिया फुकट मिळाल्या तरी तो आणू नका, एवढं या म्हाताऱ्यासाठी करा.

---

माळावरची | २१ मार्च

सातपैकी एकालाच शेंग धरली होती काका. आता कारण कळलं.

मागच्या तरवडाशी ढीग केला. मुरूम चाळताना माझे केस, भुवया सगळं तांबडं. ह्यांनी कडेला दगड लावताना मध्येच विचारलं, "हे कबरीसारखं दिसत नाही का?" दिसतं खरं. आत्यांना अजून सांगितलेलं नाही. त्यांना वाटतंय आम्ही अळू लावतोय.

कॉसमॉसचं म्हणाल तर, दोन पाकिटं आणलेली होती. चुलीत घातली.

---

माळावरची | २ जुलै

वर आणते हा धागा. २७ मेला कंद लावला. मृग कोरडाच गेला. आर्द्रा लागल्या, दोन सरी झाल्या, तरी काही नाही. रोज सकाळी दगडाजवळ जाऊन बसायचे. २८ जूनला बोट उकरायला पुढं केलंही होतं, पण "उकरून बघू नका" आठवलं आणि मागं घेतलं.

आज सकाळी खुणेच्या दगडाला टेकूनच एक हिरवी पेन्सिल उभी. दगड थोडा बाजूला सरकवला, वाकडी झाली असती. बियांच्या कुंडीत पाच उगवल्यात, गवतच वाटतं.

---

कुंडीवाला | २ जुलै

वा! माझ्या कुंडीत यंदा तीन कोंब आहेत. दोन पायांचे दोन, तिसरा कुठून आला देव जाणे.

---

माळावरची | १६ ऑगस्ट

काका, धावा. वेल तरवडावर छातीएवढा चढलाय, अकरा कळ्या मोजल्या, दोन उमलल्या. पहिलं फूल आधी हिरवट होतं, मग पिवळं-लाल, आज पूर्ण लाल झालंय. मी एकच फूल रोज वेगळं असल्यासारखी बघत होते. आणि आज सकाळी पाहते तर खालची निम्मी पानं फस्त! काळ्या अळ्या, अंगावर पांढरे आणि लालसर ठिपके, दहा-बारा असतील. इतक्या विषारी वेलीला कोण खातं? औषध मारू का?

---

बांधावरचा म्हातारा | १६ ऑगस्ट

मारू नका. ती हिचीच अळी, हिच्यावर आणि लिलीवरच दिसायची. एका पतंगाची पोरं. जे विष आपल्याला, ते तिचं जेवण. हातमोजे घालून वेचा, साबणाच्या पाण्यात टाका. पानांची खालची बाजू बघा, तिथं अंडी असतील तर ते पान काढा. सलग चार-पाच दिवस सकाळी-संध्याकाळी फेरी मारा, म्हणजे आवरतं. कळ्यांच्या जवळची पानं वाचवा, खालची गेली तर जाऊ द्या. निम्मी पानं असली तरी कंद भरतो, थोडा बारीक भरेल एवढंच.

दोन अळ्या मात्र सोडा एखाद्या मागच्या पानावर. पतंग देखणा असतो.

---

माळावरची | २० ऑगस्ट

वेचल्या. चौदा निघाल्या, दोन सोडल्या. पाच फुलं उघडलीत आता.

आत्या आज मागच्या दारी गेल्या होत्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्या परड्यात होती अशीच. सासूबाईंनी उपटून टाकायला लावली." आणि विचारलं, बी मिळेल का.

मलमलची पिशवी शिवायला घेतलीय.